बंदूक ‘भरलेलीच’ मानावी काय? : हाताळणीच्या सुरक्षा-नियमांचा तौलनिक विचार

बंदुकीच्या सुरक्षित हाताळणीचे नियम सामान्यतः भिंतीवरील फलकावर वाचावयास मिळतात, आणि फलकावरील मजकूर हा चिकित्सेचा विषय होऊ शकेल असे सहसा कोणास वाटत नाही. नियम थोडे असतात, वाक्ये आखूड असतात आणि अर्थ उघड असतो. परंतु निरनिराळ्या देशांतील व संस्थांतील असे फलक शेजारी ठेवून वाचले असता, ते एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत नाहीत असे दिसून येते. कोठे नियम तीन आहेत, कोठे चार, तर कोठे दहा. एका संहितेतील पहिला नियम दुसरीत मुळीच आढळत नाही. याहून महत्त्वाचा भेद असा की, बंदूक भरलेली आहे किंवा नाही या एका प्रश्नाकडे या संहिता परस्परांहून अगदी निराळ्या दृष्टीने पाहतात. हा भेद केवळ शब्दयोजनेचा आहे, की त्यामागे मनुष्य चूक कशी करतो यासंबंधीच्या भिन्न कल्पना आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी परिभाषेविषयी थोडेसे. बोटाने ओढावयाच्या भागास येथे ‘चाप’ म्हटले आहे. बोलण्यात त्यास ‘घोडा’ असेही म्हणतात. परंतु जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये जो हातोडीसारखा भाग अंगठ्याने मागे ओढावा लागतो त्यासही घोडाच म्हणतात, आणि पुढील विवेचनात या दोहोंचा घोटाळा होऊन चालणार नाही. म्हणून ‘घोडा’ हा शब्द या दुसऱ्या अर्थीच योजला आहे. नळीच्या मागील टोकास, जेथून बार उडावयाचा तेथे, काडतूस ज्या जागेत बसते ते ‘काडतुसाचे घर’; आणि पुढील काडतुसे ज्यात रचून ठेवलेली असतात ते ‘मॅगझिन’.

कालक्रमाने पाहता प्रथम इंग्लंडमधील शिकारीची परंपरा घ्यावी लागते. मार्क हॅनबरी बोफॉय या गृहस्थांनी १९०२ मध्ये आपल्या मुलास पहिली बंदूक देतेवेळी एक छोटे पद्य लिहून दिले. ‘अ फादर्स अॅडव्हाइस’ या नावाने ते पुढे इतके प्रसृत झाले की, तेथील शिकाऱ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर वाढल्या. काव्य म्हणून त्याची योग्यता बेताचीच आहे. नियमसंहिता म्हणून मात्र ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. बंदूक कोणाही माणसावर रोखू नये, कुंपण ओलांडताना वेळ गेला तरी काडतुसे काढून घ्यावीत, शेजारच्या शिकाऱ्याच्या रोखाने पक्ष्याचा पाठलाग करीत नळी फिरवू नये, पानाआड हाकारे असू शकतात म्हणून दिसत नाही तेथे बार टाकू नये, असा त्याचा आशय आहे. यातील पहिल्या नियमाची गोष्ट अशी की, बंदूक रिकामी आहे ही सबब हा पिता ऐकूनच घेत नाही. ती भरलेली मानावी असे तो म्हणत नाही, तपासावी असेही म्हणत नाही. रोखू नये या नियमाशी त्या प्रश्नाचा संबंधच नाही, अशी त्याची भूमिका आहे.

चापावरील बोटाविषयी या पद्यात एक शब्दही नाही. आजच्या शिक्षकास ही मोठी उणीव वाटेल. परंतु ज्या शिकारीसाठी ते लिहिले तीत शिकारी एका रांगेत उभे असतात, हाकारे समोरून पक्षी उठवितात, आणि बंदूक खांद्यास लागते न लागते तोच बार टाकावा लागतो. तेथे धोका मुख्यतः शेजाऱ्यास आणि हाकाऱ्यांस असतो. शिवाय तेथील दुनळी बंदूक मधोमध मोडून उघडी धरता येते. उघडी असली की ती उडणार नाही हे दहा पावलांवरून कोणासही दिसते. रिकामेपणाची खात्री येथे एकट्या बाळगणाऱ्यापाशी राहत नाही, ती सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. हत्यार कसे आहे आणि मंडळी कशी उभी आहेत, यावरून नियम ठरले आहेत.

हत्याराच्या रचनेतून नियम कसा निपजतो याचे दुसरे चांगले उदाहरण १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचे आहे. त्यात सहा काडतुसे मावत, परंतु जाणते लोक पाचच भरीत व घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवीत. कारण घोडा भरलेल्या घरावर असताना त्यावर आघात झाला, किंवा रिव्हॉल्व्हर हातातून पडले, तर बार उडत असे. रूगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या त्याच धर्तीच्या रिव्हॉल्व्हरांत घोडा व काडतूस यांच्या दरम्यान अशी एक पट्टी बसविली की, चाप पूर्ण ओढल्यावाचून आघात काडतुसापर्यंत पोहोचू नये. त्या रिव्हॉल्व्हरांपुरता ‘पाचच भरा’ हा नियम यंत्रानेच पाळला. जुन्या नमुन्याच्या हत्यारास मात्र तो नियम आजही लागू आहे, आणि नवे व जुने वरून पाहता सारखेच दिसतात.

आता अमेरिकेतील दोन प्रमुख संहितांकडे वळू. पहिली नॅशनल रायफल असोसिएशनची. (या नावाच्या संस्था अनेक आहेत : ब्रिटनमधील १८५९ ची, अमेरिकेतील १८७१ ची आणि आपल्याकडील, भारताची, १९५१ ची. येथे अमेरिकेतील अभिप्रेत आहे.) तिचे मूलभूत नियम तीन : बंदूक नेहमी सुरक्षित दिशेस रोखलेली असावी, बार टाकावयाची सिद्धता होईपर्यंत बोट चापापासून दूर असावे, वापरावयाची वेळ येईपर्यंत बंदूक रिकामी असावी. दुसरी संहिता जेफ कूपर यांची. कूपर (१९२०–२००६) हे अमेरिकन मरीन दलातील लेफ्टनंट कर्नल. त्यांनी १९७६ मध्ये अॅरिझोनात पिस्तूल-शिक्षणाची शाळा काढली, आणि तेथून त्यांचे चार नियम जगभर गेले : सर्व बंदुका सदैव भरलेल्या असतात, जे नष्ट करण्याची तयारी नाही त्यावरून नळीचे तोंड कधीही जाऊ देऊ नये, नेम लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत बोट चापावर नेऊ नये, लक्ष्य काय आहे याची खात्री असावी.

दोन्ही संहितांतील पहिला फरक चटकन ध्यानात येतो. असोसिएशनच्या त्रयीत लक्ष्याविषयीचा नियम नाही; लक्ष्य व त्याच्या पलीकडे काय आहे ते जाणावे, ही सूचना तिने दुय्यम नियमांत घातली आहे. हा उतरता क्रम मला पटत नाही. पॉइंट टू-टू या अगदी लहान काडतुसाची गोळीसुद्धा दीड मैलापर्यंत, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटर, जाऊ शकते. लक्ष्य चुकले तर ती कोठे जाईल हा प्रश्न बंदूक हाताळण्याचा नसून बार टाकण्याचा आहे, म्हणून तो वेगळा ठेवला, असे समर्थन करता येईल. परंतु शिकारीत झुडपाच्या हालचालीवर बार टाकणारा मनुष्य पहिले तिन्ही नियम निर्दोषपणे पाळीत असतो.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे. असोसिएशन ‘सिद्धता होईपर्यंत’ म्हणते, कूपर ‘नेम लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत’ म्हणतात. सिद्धता ही मनाची अवस्था आहे. तिची साक्ष फक्त तो मनुष्यच देऊ शकतो. नेम लक्ष्यावर असणे ही बाहेरून ओळखता येणारी अट आहे, आणि शिक्षकास ती शेजारी उभे राहून तपासता येते. या दृष्टीने कूपर यांचे शब्द सरस आहेत. तथापि पोलिसाच्या बाबतीत तेच शब्द अपुरे पडतात. संशयितावर पिस्तूल रोखलेले असताना नेम लक्ष्यावर असतो, परंतु बार टाकण्याचा निर्णय झालेला नसतो. मग बोट कोठे असावे? कोलोरॅडो विद्यापीठाचे रॉजर एनोका यांनी २००३ मध्ये अनैच्छिक स्नायुसंकोचासंबंधी लिहिताना तीन कारणे दाखविली : एका हाताने जोर लावीत असता दुसऱ्या हाताची बोटेही आवळली जाणे, तोल जाणे आणि दचकणे. एका हातात पिस्तूल व दुसऱ्या हाताने संशयिताचे मनगट धरलेले, अशा स्थितीत पहिले कारण प्रत्यक्षच उभे राहते. येथे इच्छा, शिस्त किंवा सद्हेतू यांचा उपयोग नाही. बोट चापावर नसेल तरच त्या आवळण्याने काही होत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी कूपर यांच्या नियमास ‘आणि बार टाकण्याचा निर्णय होईपर्यंत’ अशी पुरवणी जोडतात.

परंतु खरा वादविषय आहे तो कूपर यांचा पहिला नियम. ‘सर्व बंदुका जणू भरलेल्या आहेत असे वागावे’ अशी त्याची सौम्य आवृत्ती पुष्कळांनी केली. कूपर यांना ती मान्य नव्हती. ‘जणू’ म्हटले की ऐकणाऱ्यास पळवाट मिळते : प्रत्यक्षात ती रिकामी आहे हे मला ठाऊक आहे, मी केवळ शिष्टाचार पाळीत आहे, असे तो मनाशी म्हणू शकतो, आणि जी बंदूक माणसे मारते ती बहुधा अशीच ‘ठाऊक असलेली’ असते. मानसशास्त्राच्या दृष्टीने हा युक्तिवाद बळकट आहे.

तर्काच्या दृष्टीने मात्र तो टिकत नाही. सर्व बंदुका सदैव भरलेल्या असतात हे विधान असत्य आहे, आणि ते असत्य आहे हे सांगणाऱ्यास व ऐकणाऱ्यास दोघांसही माहीत असते. बंदूक साफ करणारा तिच्या नळीत डोळा लावून पाहतो. विधान सत्य मानले तर त्याचे हे कृत्य आत्मघाताचे ठरेल. ग्लॉक जातीचे पिस्तूल सुटे करावयाचे तर आधी चाप ओढावाच लागतो. जो मनुष्य पहिला नियम अक्षरशः मानतो त्यास हे पिस्तूल कधीच साफ करता येणार नाही. जो ते साफ करतो त्याने कोठेतरी तो नियम बाजूस ठेवलेला असतो. अपघात होतो तो नेमका या बाजूस ठेवण्याच्या क्षणी. आणि त्या क्षणी काय करावे याविषयी कूपर यांच्या चार नियमांत मार्गदर्शन नाही, कारण नियमाच्या मते तो क्षण येतच नाही.

ही उणीव कॅनडाच्या संहितेने भरून काढली आहे. तेथील परवान्यासाठी आवश्यक असलेल्या शिक्षणक्रमात चार नियम शिकवितात : प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे गृहीत धरा, नळीच्या तोंडावर सदैव ताबा ठेवा, बोट चापावरून व चापाभोवतीच्या कड्याबाहेर ठेवा, बंदूक रिकामी असल्याचे पाहा व ते सिद्ध करा. चौथ्या नियमाच्या पाच पायऱ्या आहेत : उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत सुरक्षित दिशेस रोखणे, सर्व काडतुसे काढणे, काडतुसाचे घर डोळ्यांनी पाहणे, काडतुसे ज्या वाटेने आत येतात ती वाट तपासणे, आणि नळी आतून पाहणे. येथे पहिला नियम हे विधान नसून गृहीतक आहे, आणि चौथा त्या गृहीतकाच्या निरसनाची रीत आहे. बंदूक हातातून खाली ठेवून पुन्हा उचलली की गृहीतक पुन्हा जिवंत होते.

या पायऱ्यांचा क्रम हा पांडित्याचा भाग नव्हे. मॅगझिन असलेल्या पिस्तुलातून प्रथम मॅगझिन काढावयाचे व मग वरचा सरकता भाग मागे ओढून घरातील काडतूस बाहेर पाडावयाचे असते. क्रम उलटला तर घरातील काडतूस पडते, सरकता भाग पुढे येताना मॅगझिनमधील दुसरे काडतूस घरात जाऊन बसते, मग मॅगझिन काढले जाते, आणि हातात भरलेले पिस्तूल व मनात ते रिकामे असल्याची पक्की खात्री, अशी स्थिती होते. दोन्ही कृती केल्या गेल्या, दोन्ही योग्य होत्या. केवळ त्यांची अदलाबदल झाली. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले ही समजूतही याच जातीची आहे. म्हणूनच काडतुसाचे घर ‘पाहणे’ ही वेगळी पायरी ठेवावी लागते. काही रायफलींत सेफ्टी कॅच लावलेला असता बोल्ट उघडतच नाही; तेथे रिकामी करण्यासाठी आधी सेफ्टी कॅच काढावा लागतो, आणि त्या क्षणापुरते सर्व संरक्षण नळीच्या दिशेवर येऊन ठरते.

सेफ्टी कॅचवर विसंबू नये हा नियम अमेरिकेतील बंदूक-उत्पादकांच्या दहा नियमांच्या संहितेत येतो. तिच्यात आणखीही पुष्कळ गोष्टी आहेत : योग्य काडतूसच वापरावे, चाप ओढूनही बार उडाला नाही तर सावध राहावे, डोळे व कान झाकावेत, नळीत अडथळा नसल्याचे पाहावे, हत्यारात मनाने फेरफार करू नयेत. दहा नियम कोणाच्या लक्षात राहत नाहीत हा आक्षेप खरा आहे; परंतु यातील काही धोके तीन किंवा चार नियमांच्या जाळ्यात मुळी सापडतच नाहीत. बारा बोअरच्या बंदुकीत चुकून वीस बोअरचे काडतूस घातले तर ते नळीत पुढे सरकून अडकते. घर रिकामे दिसते. मागून बारा बोअरचे काडतूस भरून बार टाकला की नळी फुटते. नळी सुरक्षित दिशेस होती, बोट वेळेवरच चापावर गेले, लक्ष्यही निश्चित होते. अमेरिकेत वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याच कारणास्तव.

तीन-चार नियमांच्या संहितांचे सामर्थ्य निराळे आहे. त्यांतील दिशेचा नियम आणि बोटाचा नियम परस्परांस आधार देतात. बोट चुकले तरी नळी योग्य दिशेस असल्यास भिंतीस भोक पडून निभावते; नळी चुकली तरी बोट बाहेर असल्यास बहुधा बारच उडत नाही. इजा होण्यास दोन्ही एकाच वेळी मोडावे लागतात. अवस्थेसंबंधीचा नियम, मग तो कोणत्याही रूपात असो, या जोडीत तिसरा म्हणून येतो. माझ्या मते तो पहिल्या स्थानी घालण्याची पद्धत या कारणास्तव शंकास्पद आहे. बोफॉय यांच्या पद्यात दिशेचा नियम प्रथम आला आहे, असोसिएशनच्या त्रयीतही तोच प्रथम आहे. मात्र ‘सुरक्षित दिशा’ ही कल्पना मोकळ्या रानात जितकी सोपी तितकी चार मजली इमारतीत नाही : वर शेजारी, खाली शेजारी, भिंतीपलीकडे शेजारी. कॅनडाच्या संहितेत ‘उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत सुरक्षित’ अशी जी शब्दयोजना आहे ती या अडचणीची प्रामाणिक कबुली होय.

रिकामेपणा सिद्ध करण्याची रीतही सर्वत्र लागू पडत नाही. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोमध्ये ‘रस्ट’ या चित्रपटाच्या तालमीत अभिनेते अॅलेक बाल्डविन यांच्या हातातील रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटून छायाचित्रण-दिग्दर्शिका हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला व दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. हत्यार ‘कोल्ड’, म्हणजे निर्धोक, असल्याचे त्यापूर्वी जाहीर करण्यात आले होते. चित्रीकरणात रिव्हॉल्व्हर रिकामे दिसून चालत नाही. म्हणून त्यात हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी खोटी काडतुसे भरतात. तपासणाऱ्यास घर रिकामे आहे काय हे पाहावयाचे नसून, आतील प्रत्येक काडतूस खोटे आहे काय हे ओळखावयाचे असते. त्यासाठी ते हलवून आतील छर्ऱ्यांचा आवाज ऐकणे किंवा त्याच्या बाजूस पाडलेले छिद्र पाहणे असे उपाय असतात. ही तपासणी एकाने करावयाची, दुसऱ्याने जाहीर करावयाची व तिसऱ्याने त्यावर विसंबावयाचे, अशी साखळी तेथे रूढ होती. त्या चित्रपटाच्या शस्त्रपालिकेस २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बाल्डविन यांच्यावरील खटला त्याच वर्षी, पुरावा बचावपक्षापासून दडविला गेल्याच्या कारणावरून, रद्द झाला. न्यायालयीन बाजू काहीही असो, या साखळीत दिशेचा नियम मुद्दाम शिथिल केलेला होता, आणि त्यामुळे सगळा भार अवस्थेच्या नियमावर, तोही दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दावर, आला होता.

याच्या अगदी उलट टोकास आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम आहेत. पुण्यात बालेवाडीस ज्यांनी स्पर्धा पाहिली असेल त्यांनी रायफलींच्या घरात खोवलेल्या भडक रंगाच्या खुणा पाहिल्या असतील. ती खूण घरात आहे तोवर काडतूस तेथे बसूच शकत नाही, आणि पंचांनी अनुज्ञा दिल्यावाचून ती काढता येत नाही. नेमबाजीच्या रेषेपुढे कोणी गेले असता बंदुकीस हात लावावयाचा नाही. येथे रिकामेपणा हे मनातील ज्ञान नाही. मोडून धरलेल्या इंग्लिश दुनळीप्रमाणे ती सर्वांस दिसणारी वस्तू आहे.

नियम पाठ असणे आणि नियम पाळणे यांतील अंतर किती असते, याची साक्ष मुलांवरील प्रयोगांनी दिली आहे. अमेरिकन असोसिएशनने १९८८ मध्ये मुलांसाठी निराळी संहिता काढली : बंदूक दिसली तर थांबा, हात लावू नका, तेथून दूर व्हा, मोठ्या माणसास सांगा. अटलांटा येथे ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांवर केलेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन-दोन, तीन-तीन मुलांना एका खोलीत सोडले होते व तेथील खणात खरे, परंतु निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. ४८ मुलांना ते सापडले. त्यांपैकी ३० जणांनी ते हाताळले आणि १६ जणांनी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना सुरक्षेचे काही ना काही शिक्षण पूर्वी मिळालेले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांना वरील चार सूचना तोंडपाठ म्हणता येत, परंतु पिस्तूल समोर आल्यावर त्यांप्रमाणे वागता येत नसे, असे आढळले; प्रत्यक्ष कृतीचा सराव करून घेतलेल्या मुलांत सुधारणा दिसली, तीही पूर्णपणे समाधानकारक नव्हती. अशा मुलांच्या घरी कोणत्या संहितेचा फलक आहे यापेक्षा कपाटास कुलूप आहे की नाही हा प्रश्न मोठा ठरतो.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र-अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांनी परवान्याच्या अर्जदारास सुरक्षा-शिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले असून, सुरक्षित हाताळणी, वाहून नेणे व साठवण हे विषय त्यात अंतर्भूत आहेत. हे शिक्षण मराठीतून द्यावयाचे झाल्यास कूपर यांचा वाद एका विचित्र रीतीने पुन्हा उपस्थित होतो. ‘बंदूक भरलेली समजावी’ असे आपण सहज म्हणतो. परंतु ‘समजणे’ या एकाच क्रियापदाने आपण ‘कळणे’ही दाखवितो आणि ‘कल्पना करणे’ही. ‘मला समजले’ यात ज्ञान आहे, ‘मी समजत होतो’ यात चूक आहे. कूपर यांना नको असलेला ‘जणू’ आणि त्यांना हवे असलेले विधान हे दोन्ही त्या एका शब्दात दडलेले आहेत. ‘बंदूक रिकामी आहे असे मी समजत होतो’ हे वाक्य अपघातानंतरच्या जबाबात येते, आणि त्यातील ‘समजत होतो’चा अर्थ पंचांना, पोलिसांना व बोलणाऱ्यास स्वतःसही वेगवेगळा लागतो. शिक्षकाने हे क्रियापद टाळून ‘घर उघडून पाहा’ अशी डोळ्यांची व हाताची क्रिया सांगावी, हे मला अधिक सोयीचे वाटते. मग ती क्रिया तीन नियमांच्या फलकाखाली लिहिलेली असो की चार.